बोआच्या मादीपासून यंदा पिल्ले घ्यावीत का?

प्रश्न : कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार.

माझ्याकडे बोआ कन्स्ट्रिक्टरची एक जोडी आहे. मादी सात वर्षांची असून तिची लांबी साडेसहा फुटांच्या थोडी पुढे आहे आणि मागच्या रविवारी तिचे वजन सव्वासहा किलो भरले. नर चार वर्षांचा, पाच फुटांचा आणि अडीच किलोच्या आतबाहेरचा आहे. दोघेही ‘कोलंबियन रेडटेल’ या नावाने घेतलेले आहेत, दोघांच्या पावत्या जपून ठेवल्या आहेत आणि २०२४ साली मुदतीच्या आत ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर दोघांची नोंदही केलेली आहे. त्यामुळे साप ठेवणे कायदेशीर आहे का, या मुद्द्यावर कृपया कोणी वेळ घालवू नये.

गेल्या डिसेंबरात मी नराला मादीच्या पेटीत सोडले आणि फेब्रुवारीअखेरपर्यंत तिथेच राहू दिले. दोघे एकाच आडोशाखाली वेटोळी घालून पडून राहत. नर शेपटीच्या मुळाशी असलेल्या आपल्या दोन नख्यांनी मादीच्या अंगावर खाजवल्यासारखे करी, आणि दोन वेळा त्यांच्या शेपट्या एकमेकींत गुंतलेल्या मी स्वतः पाहिल्या. एवढे पाहिल्यावर काम झाले असे मी धरून चाललो. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, मादी दर तीन आठवड्यांनी आपला ससा निमूटपणे गिळत राहिली, आणि पिल्लू तर सोडाच, एक वांझ अंडेसुद्धा पेटीत पडले नाही.

पेटी प्लायवूडची, सहा फूट बाय अडीच फूट आहे आणि तिला समोर सरकती काच आहे. उष्णतेसाठी वरच्या बाजूला सिरॅमिक हीटर बसवला असून थर्मोस्टॅट ३२ अंशांवर लावलेला आहे, तो वर्षभर रात्रंदिवस तसाच असतो. पेटी गावभागातल्या आमच्या जुन्या घराच्या तळमजल्यावर, मागच्या अंगणाकडच्या खोलीत ठेवलेली आहे, कारण माडीवर वर पत्रा असल्याने एप्रिल-मे महिन्यांत तिथे माणसालाही बसवत नाही.

परदेशी पाळणाऱ्यांचे व्हिडिओ मी भरपूर पाहिले, पण त्यांच्या खिडकीबाहेर बर्फ असतो आणि माझ्या खिडकीबाहेर शेवग्याचे झाड, त्यामुळे त्यांचे आकडे इथे कसे लावायचे ते उमगत नाही. जोडीला गारवा किती आणि कधीपासून द्यावा, नर कधी सोडावा, आणि मादी गाभण आहे हे खात्रीने कशावरून ओळखावे, एवढे अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगावे, ही विनंती.


प्रतिसाद : किल्ल्याखालचा (सातारा)

तुमच्या प्रश्नातच उत्तराचा मोठा भाग आलेला आहे. ३२ अंश, वर्षभर, रात्रंदिवस! बिचाऱ्या मादीला डिसेंबर आला हे कळणार तरी कशावरून?

आधी नावाचा गोंधळ दूर करतो. बाजारात ज्याला ‘कोलंबियन रेडटेल’ म्हणतात तो साप बहुतेक वेळा बोआ इम्परेटर असतो, म्हणजे मध्य अमेरिकेपासून कोलंबियाच्या वायव्य भागापर्यंत आढळणारा. लिनियसने १७५८ साली ज्याला बोआ कन्स्ट्रिक्टर हे नाव दिले तो दक्षिण अमेरिकेतला, सुरिनाम, गयाना, ब्राझील या बाजूचा मोठा साप आता वेगळी जात मानला जातो, आणि तो सावकाश वाढत असल्याने त्याच्या मादीला आणखी एक-दोन वर्षे थांबावे लागते. तुमची मादी इम्परेटर असेल तर वयाने आणि आकाराने ती तयार आहे. नोंदीत कोणते नाव गेले आहे तेवढे मात्र एकदा उघडून पाहा, कारण पुढे पिल्लांची नोंद करायची वेळ आली की आईचे नाव एक आणि पिल्लांचे दुसरे, असे व्हायला नको.

आता गारव्याविषयी. या सापांचा जोडी लागण्याचा काळ कोरड्या आणि त्यातल्या त्यात थंड ऋतूशी बांधलेला आहे. रात्री गार पडू लागल्या आणि दिवस आखूड झाला की नराला मादीची ओढ लागते, आणि मुख्य म्हणजे मादीच्या पोटातली बीजे वाढू लागतात. तुमच्याकडे शेपट्या गुंतल्या, म्हणजे नराने आपले काम केले. मादीची बीजे मात्र त्या वेळी तयारच नसावीत. मी सातारला असे करतो की दसऱ्याच्या सुमारास मादीला शेवटचे मोठे खाद्य देतो, ते पूर्ण पचून पोट रिकामे व्हायला तीन आठवडे जाऊ देतो, आणि मगच रात्रीचा हीटर टप्प्याटप्प्याने उतरवत नेतो. पोटात अर्धवट पचलेला उंदीर असताना थंडी दिली तर तो आत कुजतो आणि साप तो उलटून टाकतो, म्हणून हा क्रम मोडू नये. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरपर्यंत रात्री २२ ते २३ अंश आणि दिवसा पेटीच्या उबदार टोकाला ३० अंश एवढे पुरते. रात्री २० च्या खाली जाऊ देऊ नका, कारण तिथून छातीत कफ धरण्याची भीती सुरू होते. सांगलीत डिसेंबरातल्या पहाटे तळमजल्यावरच्या खोलीत एवढा गारवा आपोआप मिळावा. तुम्हाला फक्त हीटर कमी करायचा आहे. कमाल आणि किमान तापमान लक्षात ठेवणारा साधा तापमापक पेटीच्या थंड टोकाला ठेवा आणि महिनाभर वहीत आकडे लिहा.

नर नोव्हेंबरअखेरीस सोडावा, पण तीन महिने सलग ठेवू नये. आठ-दहा दिवस एकत्र, चार-पाच दिवस वेगळे असे केले की प्रत्येक वेळी त्याचा उत्साह नव्याने जागा होतो. या दिवसांत नर बहुधा खाणे सोडतो. त्याची काळजी करू नये, मात्र वजन पाहत राहावे.

सव्वासहा किलो हा आकडा मला जरा खटकतो. साडेसहा फुटांच्या मादीला दर तीन आठवड्यांनी ससा म्हणजे चंगळ आहे. तिच्या पाठीवर हात फिरवून पाहा: कण्याची बारीक धार हाताला लागली पाहिजे. ती लागत नसेल आणि अंग वळवताना शेपटीच्या अलीकडे चरबीच्या घड्या पडत असतील, तर ससा बंद करून मध्यम उंदरावर आणा. लठ्ठ मादी पाहुण्यांना दाखवायला छान असते, पण पिल्ले देताना तीच वांझ अंड्यांचा ढीग घालते. आमच्याकडे पाळणाऱ्यांत त्यांना ‘स्लग’ म्हणतात. पिवळट, मेणासारखे घट्ट गोळे असतात.

गाभणपण ओळखायची खूण एकच, पण ती चुकवू नये अशी आहे. ओव्हुलेशनच्या, म्हणजे बीजे पक्व होऊन सुटण्याच्या, वेळी मादीचे अंग मध्यावर असे फुगते की नुकताच मोठा ससा गिळला असावा, आणि तो फुगवटा जेमतेम एखादा दिवस टिकतो. त्यानंतर साधारण अडीच-तीन आठवड्यांनी ती कात टाकते. ती कात पडलेली तारीख भिंतीवर लिहून ठेवा, कारण तिथून सुमारे १०५ दिवसांनी, फार तर १२० दिवसांच्या आत, ती पिल्ले देते. बोआ अंडी घालत नाही, पोटातच पिल्ले वाढवते, हे तुम्हाला माहीत असेलच. या काळात ती उबदार टोकाला चिकटून राहते, रंग काळवंडतो, खाणे नाकारते, आणि कधी कधी पोट वर करून अर्धी उलटी पडते. पहिल्या वेळी मी ते पाहून घाबरलो होतो.

याच काळात माझ्या हातून झालेली एक चूक सांगून थांबतो. दुसऱ्या वेळी मादी गाभण असताना थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारे वायरचे टोक, मी टेपने पेटीच्या तळाला चिकटवला होता. मादीने अंग घासून तो सोडवला आणि तो नेमका पाण्याच्या भांड्यात जाऊन पडला. प्रोबला पाण्याचे २५ अंश दिसत राहिले, म्हणून हीटर बंदच होईना. मी गावाला गेलो होतो. परत आलो तेव्हा पेटीच्या एका टोकाला ३९ अंश होते आणि मादी काचेला नाक लावून पडली होती. ती वाचली, पण दोन महिन्यांनी झालेल्या १९ पिल्लांपैकी ११ मेलेली आणि ४ जणांचा कणा वाकडा. तेव्हापासून प्रोब मी टेपने लावत नाही. प्लायवूडला भोक पाडून क्लिपने आवळतो, आणि हीटरच्या वायरवर फार तापले की वीज तोडणारा दुसरा स्वतंत्र कटआउट ठेवतो.


प्रतिसाद : वाळव्याचा सर्पमित्र

प्रश्नकर्त्याने कायद्यावर वेळ घालवू नका असे म्हटले आहे, तरी थोडा घालवतो, कारण जोडी ठेवण्याचा कायदा आणि पिल्ले काढण्याचा कायदा यांत एक पायरी आणखी आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची सुधारणा १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतले परदेशी प्राणी आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले. बोआ त्यात आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत निघालेल्या नियमांप्रमाणे प्राणी जवळ असल्याची नोंद तर करायचीच, पण पुढे त्याला पिल्ले झाली, तो मेला किंवा दुसऱ्याला दिला, तर त्या प्रत्येक गोष्टीची नोंद वेगळी करायची आहे. पंचवीस पिल्ले झाली तर पंचवीस जिवांचा हिशेब तुमच्या नावावर चढतो, आणि त्यातले एक जरी नोंदीविना मित्राला दिले तरी तुम्ही आणि तो मित्र दोघे अडचणीत याल. अर्जेंटिनाचा बोआ तर साइट्सच्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि त्याच्या पैदाशीला परवानाच लागतो. तुमचा तो नाही, पण हे वाचणाऱ्या कोणाकडे असेल म्हणून लिहून ठेवतो.

माझी खरी काळजी वेगळी आहे. मी वाळवा-शिराळा भागात साप पकडून सोडण्याचे काम करतो. उसाच्या फडात तोडणी सुरू झाली की दिवसाला चार-पाच फोन येतात आणि त्यांतला निदान एक घोणशीचा असतो. घोणशीच्या पाठीवर साखळीसारखे तपकिरी ठिपके असतात, डुरक्या घोणशीच्या पाठीवर वेडेवाकडे पट्टे असतात, आणि बोआच्या पिल्लाच्या पाठीवर खोगिरासारखे तपकिरी डाग असतात. बॅटरीच्या उजेडात, घाबरलेल्या माणसाला, हे तिन्ही साप एकच दिसतात. तुमचे पिल्लू पेटीतून सुटून शेजारच्या अंगणात गेले तर घोणस समजून ते काठीखाली जाईल, हे ठरलेले आहे. त्याहून वाईट म्हणजे उलटे घडते. बोआ हाताळून ज्या पोराची भीती गेली आहे, ते पोर एखाद्या संध्याकाळी खऱ्या घोणशीला हात घालते. अशा एका पोराला मी स्वतः दवाखान्यात नेले आहे. तो वाचला, त्याचे बोट गेले.

पिल्ले विकण्याचा विचार असेल तर आपल्या भागातली गिऱ्हाइके कशी असतात हेही ध्यानात घ्या. ज्या जिल्ह्यांत मांडुळाला दुतोंड्या म्हणून त्याच्या वजनावर लाखांची बोली लागते आणि दर वर्षी त्यात माणसे पकडली जातात, तिथे ‘मोठा परदेशी साप आहे’ ही बातमी कोणाच्या कानावर जाईल ते तुमच्या हातात राहत नाही.


प्रतिसाद : गुरांचा डॉक्टर (कराड तालुका)

मी मुख्यतः गाई-म्हशींचा डॉक्टर आहे, पण गेल्या काही वर्षांत सरपटणारे प्राणीही येऊ लागले आहेत. किल्ल्याखालच्यांनी तापमानाविषयी जे लिहिले आहे त्याच्याशी मी सहमत आहे. जे राहिले आहे ते आजाराविषयी, आणि माझ्या मते गारवा, नर, कात या सगळ्यांच्या आधी त्याचा क्रमांक लागतो.

बोआला ‘इन्क्लुजन बॉडी डिसीज’, म्हणजे आयबीडी, नावाचा आजार होतो. तो रेप्टारेनाव्हायरस नावाच्या विषाणूंमुळे होतो हे २०१२ साली उघड झाले. त्याआधी अनेक वर्षे पाळणारे आणि डॉक्टर दोघेही अंधारात चाचपडत होते. अजगराला हा आजार झाला तर तो लवकर खंगतो, मान मागे वळवून वर पाहत राहतो, उलटा टाकला तर सरळ होऊ शकत नाही. बोआचे तसे नाही. बोआ तो विषाणू अंगात घेऊन महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, छान खात-पीत राहतो, आणि आपल्याला वाटते की जनावर ठणठणीत आहे. गाभण मादीकडून हा विषाणू पिल्लांत उतरतो हे संशोधनातून दिसून आले आहे. उपचार नाही, लस नाही. म्हणजे तपासणी न करता जोडी लावली तर आजार असलेली पंचवीस पिल्ले पंचवीस घरांत पोचवण्याची व्यवस्था आपणच करतो.

म्हणून दोघांचे रक्त तपासून घ्या. रक्ताच्या काचपट्टीवर पेशींतल्या गाठी पाहता येतात आणि पीसीआर तपासणीही होते. एकदा ‘नाही’ आले म्हणून निश्चिंत होऊ नका. काही महिन्यांच्या अंतराने दुसऱ्यांदा करा. आणखी एक. नर कुठून आला आणि आल्यावर किती दिवस वेगळ्या खोलीत होता, हे तुम्ही लिहिलेले नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका पाळणाऱ्याने नवीन नर आणला त्याच रात्री मादीच्या पेटीत सोडला होता. नराच्या हनुवटीखालच्या खवल्यांत माइट, म्हणजे रक्त पिणारे किडे, होते, मोहरीच्या दाण्याहूनही बारीक काळे ठिपके. पाण्याच्या भांड्यात बुडून मेलेले दिसतात तेच. हा विषाणू एका सापाकडून दुसऱ्याकडे नेण्यात त्यांचा हात असावा असा संशय घेतला जातो. त्या घरातले चार साप दीड वर्षात गेले. नर ज्याच्याकडून घेतला त्याने फोन उचलणे बंद केले, हे सांगायला नकोच.

गाभणपणाची खात्री हवी असेल तर फुगवट्याच्या एका दिवसावर सगळी भिस्त ठेवण्याचे कारण नाही. गुरांसाठी जी सोनोग्राफी वापरतो तिनेच सापाच्या पोटातली वाढणारी बीजे दिसतात. आमच्या दवाखान्यात एक मादी म्हशींच्या रांगेत नंबर लावून आली होती आणि म्हशींचे मालक आपापली जनावरे घेऊन रांग सोडून निघून गेले होते, तो दिवस मी विसरणार नाही.

जाता जाता एक गंमत, पण कामाची. ‘नर सोडलाच नाही म्हणजे पिल्ले होणार नाहीत’ असे बोआच्या बाबतीत शपथेवर सांगता येत नाही. एका मादीने नराच्या बीजाशिवाय दोन खेपा पिल्ले दिल्याचे जनुकीय तपासणीतून सिद्ध झाले, आणि ते संशोधन २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या मादीजवळ नर होते, तरीही तिने हेच केले, आणि सगळीच्या सगळी पिल्ले माद्या निघाली. या माद्यांच्या कोड्यामुळेच पुढे शंका आली की सापांच्या लिंग-गुणसूत्रांविषयी आपण जे शिकवत होतो (मादी झेड-डब्ल्यू, नर झेड-झेड) ते बोआला लागू नाही, आणि २०१७ साली बोआत माणसासारखी एक्स-वाय पद्धत असल्याचे दाखवून देण्यात आले. मी कॉलेजात परीक्षेत लिहिलेले उत्तर त्यामुळे चुकीचे ठरले. गुण परत घेतले नाहीत एवढेच.


कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. पाठीवर हात फिरवला. कण्याची धार लागत नाही, आणि घड्याही आहेत. नर आणला तेव्हा पंधरा दिवस वेगळा ठेवला होता, पण त्याच खोलीत, हे कबूल करतो. रक्ताची तपासणी करून घेतो.

किल्ल्याखालचे, दोन गोष्टी विचारायच्या आहेत. साडेसहा फुटांची मादी किती पिल्ले देईल, आणि ती झाल्यावर पहिल्या महिन्यात प्रत्यक्ष काय काय करावे लागते?


प्रतिसाद : किल्ल्याखालचा (सातारा)

सर्वसाधारणपणे वीस ते तीस धरा. मोठ्या माद्यांना पन्नास-साठ झाल्याचीही उदाहरणे आहेत, पण तुमच्या मादीला पहिल्या खेपेत पंचवीसच्या आसपास झाली तर ती खेप चांगली समजावी.

माझी पहिली खेप जूनच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. पहिला पाऊस पडून गेला होता आणि रात्री अडीचच्या सुमारास खोलीतून कस्तुरीसारखा, पण जरा आंबूस वास आला. दार उघडले तर मादी पेटीच्या एका कोपऱ्यात अंग वर उचलून ताणत होती आणि कागदावर ओल्या, पारदर्शक पिशव्या पडल्या होत्या, प्रत्येकीत गुंडाळलेले एक पिल्लू. काही पिल्ले नाकाने पिशवी फाडून तोंड बाहेर काढून नुसती श्वास घेत होती. काहींच्या पोटाला बलकाचा लालसर गोळा अजून लोंबत होता. तो ओढून तोडायचा नसतो. ओल्या कागदावर ठेवले की वाळून आपोआप गळतो. एका पिशवीत हालचाल होती पण ती फाटत नव्हती, ती मी चिमट्याने उघडली. पहाटेपर्यंत २२ जिवंत, २ मेलेली आणि ५ स्लग. आई उठून आली, दारातून पाहिले आणि म्हणाली, ‘एवढ्यांची नावे काय ठेवणार?’ मी तिचाच स्वयंपाकघरातला काटा आणून एकेक पिल्लू वाटीत ठेवून वजन करीत होतो. सगळी पन्नास ते साठ ग्रॅममध्ये, दीड फुटाची.

पहिला महिना कष्टाचा असतो. प्रत्येक पिल्लू वेगळ्या डब्यात, तळाला ओला कागद, पाण्याची वाटी, आणि झाकण क्लिपने बंद. पेन्सिलएवढ्या फटीतून ती निघून जातात. एक ते दोन आठवड्यांत पहिली कात पडते आणि त्यानंतरच पहिले खाद्य द्यायचे: केस फुटू लागलेले उंदराचे पिल्लू. आठवड्याला एक म्हणजे बावीस पिल्लांना महिन्याला जवळजवळ नव्वद. मला ते मिळेनात, म्हणून शेवटी गच्चीवर पांढऱ्या उंदरांची पैदास करावी लागली, आणि सापांपेक्षा जास्त वेळ उंदरांना लागला. दोन-तीन पिल्ले हट्टाने खात नाहीत. त्यांच्या मागे महिना जातो. बावीसपैकी शेवटचे पिल्लू नोंदीसकट योग्य माणसाकडे जायला मला चौदा महिने लागले.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नातच वाचली होती, पण तेव्हा तिच्यावर लिहिले नाही. पेटी गावभागात, तळमजल्यावर आहे. आता तारखा मोजा. नोव्हेंबरात नर सोडला तर ओव्हुलेशन जानेवारी ते मार्च यांत केव्हाही होईल, त्यानंतरची कात एप्रिलपर्यंत लांबू शकते, आणि तिथून १०५ दिवस म्हणजे जुलै. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ आहे. २०२१ ला तर जुलैतच पाणी आले. पंचवीस डबे, वीज गेलेली, रस्त्यावर होडी आणि मादी नुकतीच व्यालेली, असे चित्र डोळ्यांपुढे आणा. आणि माडीवर हलवायचे म्हटले तर पत्र्याखालचा एप्रिल-मे हा नेमका गाभणपणाच्या मधल्या महिन्यांचा काळ आहे, ज्यात माझा प्रोब पाण्यात पडला होता. बोआला पूर पोहून जाता येतो, इतकेच नव्हे तर तो तगून वाढतोही. मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर १९७१ मध्ये सोडलेल्या मोजक्या बोआंची आज तिथे मोठी वस्ती झाली आहे, आणि अरुबा बेटावरही तेच झाले. कृष्णाकाठचा ऊस आणि उंदीर पाहिले तर आपल्याकडे असे व्हायला काही अडचण दिसत नाही.


प्रतिसाद : गुरांचा डॉक्टर (कराड तालुका)

किल्ल्याखालचे, तो काटा पुन्हा स्वयंपाकघरात गेला का? सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर सॅल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असतोच असे धरून चालावे. आईंना नवा काटा घेऊन द्या.


प्रतिसाद : किल्ल्याखालचा (सातारा)

दिला होता. त्याआधी बोलणीही खाल्ली होती.


कृष्णाकाठ (सांगली)

२०१९ ला आमच्या तळमजल्याच्या भिंतीवर पाण्याची जी रेघ उमटली ती अजून आहे. आज मादीच्या पेटीजवळ टेप लावून मोजली. पेटीच्या वरच्या कडेपासून ती सव्वादोन फूट उंच आहे. हे साप तेव्हा घरात नव्हते, म्हणून इतके दिवस त्या रेघेकडे या नजरेने पाहिलेच नव्हते.

त्यामुळे यंदा नर सोडत नाही. पत्र्याखाली छत घालून एक भिंत जाड करायला किती खर्च येईल ते गवंड्याला विचारले आहे. तो दिवाळीनंतर येतो म्हणाला. तोवर दोघांचे रक्त कराडला तपासायला पाठवतो, दुसरी तपासणी उन्हाळ्याच्या तोंडावर करतो, आणि मादीचा ससा आजपासून बंद. वर खोली झाली आणि मे महिन्यात तिथे दुपारी ३३ च्या वर पारा गेला नाही, तर आकड्यांची वही घेऊन पुढच्या दसऱ्याला इथेच परत विचारीन. रात्रीचा थर्मोस्टॅट मात्र आजच २८ वर आणला. मादी पेटीच्या थंड टोकाला जाऊन बसली आहे, आणि ते टोक तिने वापरलेले मी बऱ्याच महिन्यांत पाहिले नव्हते.